गरोदर बाईचे रक्त ही साऱ्या घराची जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वस्त्यांमधून घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आहोत. भाषण करणे हे आमचे काम नव्हे. पण वर्धापनदिनी महिलांच्या आरोग्यावर चार शब्द बोला, असा समितीने आग्रह केला आणि आम्ही गरोदरपणात लागणाऱ्या लोहाचा, म्हणजे साध्या भाषेत अंगातल्या रक्ताचा विषय घेतला. विषय बायकांचा आहे असे समजून मागच्या रांगेतले बंधू चहाला उठतील, तर त्यांना विनंती आहे की बसून घ्यावे. आजचे निम्मे बोलणे तुमच्यासाठी आहे. उरलेल्या निम्म्यातले अर्धे सासूबाईंसाठी आहे.

सुरुवात १९२८ सालापासून करू. त्या वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळातला भत्ता मिळावा असे बिल चर्चेला आले होते. परमपूज्य बाबासाहेबांनी त्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांनी कौन्सिलात ठामपणे मांडले. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आपल्या आयाबहिणींच्या बाळंतपणाचा विचार बाबासाहेबांनी कायद्याच्या पातळीवर केला होता, तो दीक्षेच्या २८ वर्षे आधी.

योगायोग असा की त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीतल्या गरोदर बायकांचे रक्त इतके का उतरते, त्या बाळंतपणात का दगावतात, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. त्यांनी त्या बायकांचे रक्त तपासले, त्या काय खातात ते पाहिले. काही बायकांचा रक्तक्षय वेगळ्याच प्रकारचा होता आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला जो गुण होता त्याला आज आपण फॉलिक ॲसिड म्हणतो. तुमच्या घरात जी लाल गोळी येते, तिच्यात लोहाबरोबर हे फॉलिक ॲसिड असते. म्हणजे त्या गोळीचा अर्धा इतिहास मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्ताने लिहिलेला आहे. ज्यांच्यामुळे औषध सापडले त्यांच्याच लेकी-नातींच्या घरात ती गोळी फळीवर धूळ खात पडावी, हे आम्हाला बघवत नाही.

आणि ती पडून राहते, ही वस्तुस्थिती आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात देशातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात सुमारे ४६ होते. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला, त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. मग अडते कुठे? आमच्या अनुभवाने ते दवाखाना आणि बाईचे तोंड यांच्यामध्ये अडते. आणि त्या दोघांच्या मध्ये जे आहे त्याला घर म्हणतात.

आधी रक्त कमी होते म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. तो श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो. तो तयार व्हायला लोह लागते. बाई गरोदर राहिली की तिच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट वाढावे लागते, कारण आता ते दोघांना पुरवायचे असते. शिवाय बाळाचे स्वतःचे रक्त, वार, आणि जन्मल्यावर पहिले काही महिने पुरेल असा बाळाच्या अंगातला साठा, हे सगळे आईच्याच लोहातून जाते. सगळा हिशेब केला तर एका गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. ऐकायला एक ग्रॅम, चिमूटभर. पण आपल्या जेवणातून ते फार थोडे अंगी लागते, आणि ज्या मुलीच्या अंगात लग्नाआधीपासूनच साठा नाही, तिला ही चिमूटसुद्धा जुळवता येत नाही.

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. ७ ते १० च्या दरम्यान असेल तर मध्यम, आणि ७ च्या खाली गेले तर गंभीर. गंभीर असेल तर घरी बसून गोळीवर भागत नाही, दवाखान्यात जावेच लागते. बाळंत होताना अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणे हे नेहमीचे आहे. चांगले रक्त असलेली बाई ते सहन करते. जिच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिला तेवढेच जीवावर बेतते. आपण म्हणतो, "बाळंतपणात गेली, नशीब!" त्यात नशिबाचा भाग थोडा असतो. बराचसा भाग मागच्या नऊ महिन्यांचा असतो. बाळही कमी वजनाचे, वेळेआधी जन्मण्याची भीती असते.

हे ओळखायचे कसे? जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, चक्कर येते, सारखे पडून राहावेसे वाटते, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखे पांढुरकी दिसतात. घरचे म्हणतात, "पोटुशी आहे, आळस येणारच." आळस म्हणून सोडून देऊ नका. आणखी एक खूण आम्ही मुद्दाम सांगतो. काही बायकांना माती, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो. आपल्याकडे त्याला मातीचे डोहाळे म्हणतात आणि कौतुकाने हसतात. भगिनींनो, बऱ्याच वेळा ती लोह कमी असल्याची खूण असते. माती खाल्ल्याने लोह तर मिळत नाहीच, उलट पोटात जंत होतात आणि ते रक्त पितात. तेव्हा असे डोहाळे लागले की हसू नका, रक्त तपासून घ्या. जंताची गोळीही गरोदरपणात चौथ्या महिन्यानंतर एकदा देतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

आता लाल गोळीकडे येऊ. पहिले तीन महिने नुसती फॉलिक ॲसिडची गोळी असते. चौथा महिना लागला की रोज एक लोहाची गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ती १८० दिवस घ्यायची, म्हणजे सहा महिने. आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८० दिवस. एवढे दिवस कशाला, असे विचारतात. हिशेब सोपा आहे. १८० गोळ्यांत मिळून १०,८०० मिलिग्रॅम लोह झाले. अंगात साधारण दहावा हिस्सा मुरतो असे धरा. म्हणजे हजाराच्या आसपास. मघाशी सांगितलेला हजार आठवा. आता जी बाई महिनाभर घेऊन थांबते, तिचा हिशेब तुम्हीच करा. रक्त आधीच कमी असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या देतात, किंवा शिरेतून लोहाचे इंजेक्शन देतात. ते त्यांनी ठरवायचे.

बायका गोळी का सोडतात? आम्ही विचारले तर उत्तरे ठरलेली. "मळमळतं." मग रिकाम्या पोटी न घेता रात्री जेवणानंतर घ्या आणि झोपा. "शौचाला काळं होतं." होणारच, न मुरलेले लोह बाहेर पडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. "पोट साफ होत नाही." पाणी जास्त प्या, पालेभाजी, फळे खा. "गोळीनं बाळ काळं होतं." बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही. "उष्ण पडते." त्याला आधार नाही. "बाळ मोठं होतं आणि सुटका अवघड जाते." हे तर सासूबाई सांगतात, आणि त्या वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांच्या काळी अडलेल्या बाईला दवाखाना लांब होता, लहान बाळ सुटायला सोपे म्हणून बाईला कमी खायला घालत. आज दवाखाना जवळ आहे. लहान बाळ सोपे सुटते खरे, पण ते जगायला अवघड जाते. तेव्हा आजीबाईंनी हा सल्ला आता मागे घ्यावा, ही हात जोडून विनंती.

गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. चहा लोहाला अंगात मुरू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळा. कॅल्शियमची गोळीही मिळते, ती वेगळ्या वेळी घ्या, दोघींमध्ये दोन तास अंतर ठेवा. गोळीबरोबर लिंबूपाणी, पेरू, आवळा असे आंबट काही असेल तर फार चांगले. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. गोड लाल गोळी म्हणून पोराने चारदोन गिळल्या तर ते विष होते.

आता ताटाकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक, आपल्यासारख्याच बायका. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे जन्मताना अधिक वजनाची भरली. आणि पालेभाजीचा संबंध सर्वांत हडकुळ्या आयांमध्ये सर्वांत ठळक दिसला. महागडे टॉनिक नाही, मंडईतली जुडी! त्याच अभ्यासात बऱ्याच बायकांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. तेही रक्तासाठी लागते आणि ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते.

पालकाचे नाव फार झाले आहे, पण माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला यांत लोह कमी नाही. बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ मोड आणून, हरभरा, तीळ हे आपलेच आहे. मोड आणल्याने लोह जास्त मुरते. वर लिंबू पिळा. आमटी-भाजी लोखंडी कढईत केली तर तिच्यातूनही थोडे लोह उतरते, विशेषतः टोमॅटो, चिंच घातलेल्या भाजीत. बीट लाल आहे म्हणून त्यात रक्त आहे असे समजू नका. त्यात लोह बेताचेच असते. गूळ-शेंगदाणे खा, पण गुळाच्या खड्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

इथे एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने बोलतो. आपल्या आजी-पणजीच्या चुलीवर सुकट, बोंबील, वजडी, रक्ती शिजायची. गावकुसाबाहेर जे मिळाले ते आपल्या माणसांनी शिजवून खाल्ले आणि त्यावर राबले. शहरात आल्यावर, दोन पैसे मिळू लागल्यावर, आपल्यातल्याच काहींना त्या जेवणाची लाज वाटू लागली. शेजारी काय म्हणतील म्हणून खिडकी लावून सुकट भाजतात. आहारशास्त्र काय सांगते? धान्य-भाज्यांतले लोह शंभरात पाच-दहा भाग मुरते, तर मांस-मासळीतले पाव हिश्शापर्यंत मुरू शकते, आणि ते शेजारच्या भाकरीतल्या लोहालाही मुरायला मदत करते. तेव्हा जे मांस-मासळी खातात त्यांनी गरोदर बाईला ती लाजेकाजेने तोडू नये, चांगली शिजवून द्यावी. जे खात नाहीत त्यांनी पालेभाजी, कडधान्य, दूध आणि लिंबू यांवर भर द्यावा. एक सावधगिरी सांगतो. काळीज लोहाचे असले तरी त्यात अ जीवनसत्त्व फार असते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ते टाळावे.

मिश्रीचेही बोललेच पाहिजे. मिश्री म्हणजे तंबाखू. सकाळी दात घासायला म्हणून बोट फिरवले जाते आणि दिवसातून चार वेळा फिरवले जाते. तंबाखूने भूक मरते, रक्त उतरते, बाळ कमी वजनाचे होते. पोटुशी बाईने ती सोडलीच पाहिजे, आणि घरातल्या मोठ्या बायकांनी तिच्यासमोर तरी डबी उघडू नये.

काही भगिनी वर्षावासात, पौर्णिमेला अष्टशील धरतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. श्रद्धा मोठी आहे. पण पोटात बाळ असताना दिवसाचे अर्धे जेवण सोडणे बरे नाही. त्या काळात पंचशील पाळावे, बाकीचे भन्तेजींना विचारून ठरवावे. शरीर वाळवून काही साधत नाही हे सिद्धार्थांनी स्वतः अनुभवले, आणि सुजाताची खीर त्यांनी स्वीकारली, ही गोष्ट आपल्या लेकरांनाही पाठ आहे.

आणखी एक महत्त्वाची सूचना, विशेषतः ज्यांची मूळ घरे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, विदर्भाकडची आहेत त्यांच्यासाठी. तिकडच्या आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तो लोहाच्या कमतरतेने होत नाही. महिनाभर नेमाने गोळी घेऊनही रक्त वाढत नसेल, किंवा घरात कुणाला सिकलसेल, थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा आणि तपासणी करून घ्या. नवऱ्यानेही तपासून घ्यावे, कारण दोघेही वाहक असतील तर बाळाला आजार होऊ शकतो. यात लपवण्यासारखे, लाजण्यासारखे काही नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली आहे.

आता बंधूंनो, तुमची पाळी. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? सगळ्यांचे झाले की जी उरलेली भाजी पातेल्यातून पुसून खाते, तीच पोटुशी असते. पोळी-भाकरी उरते, भाजी आणि मटणाचे तुकडे उरत नाहीत. चार घरची धुणीभांडी करून आलेली, बांधकामावर पाट्या उचलून आलेली बाई घरात शेवटची जेवते आणि सकाळी पहिली उठते. तिच्या अंगात रक्त कुठून येणार? बाबासाहेबांनी कौन्सिलात तिच्यासाठी विसावा मागितला. कौन्सिलात मिळालेला विसावा स्वयंपाकघरात मिळत नसेल, तर त्या कायद्याचा उपयोग काय? आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर आजही भरपगारी बाळंतपणाची रजा मिळत नाही. तिची रजा म्हणजे घरच्यांनी तिच्या हातून काढून घेतलेली पाण्याची बादली.

म्हणून आमच्या मागण्या फार नाहीत. पहिली, गरोदर बाई सगळ्यांबरोबर जेवायला बसेल, आणि तिचे ताट आधी वाढले जाईल. दुसरी, रात्रीची गोळी नवऱ्याने स्वतःच्या हाताने द्यावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. महिन्याच्या शेवटी खुणा मोजाव्यात. तिसरी, तपासणीला तिला एकटी पाठवू नये. पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे. महापालिकेच्या दवाखान्यात आणि प्रसूतिगृहात नोंदणी होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, हे २०१६ पासून सुरू आहे. हिमोग्लोबिन किती आले तो आकडा नवऱ्याने पाठ करावा, जसा पगाराचा आकडा पाठ असतो. चौथी, डोहाळजेवणाला साडी-चोळीबरोबर पालेभाजीची जुडी, लिंबे, मोसंबी, अंडी घेऊन जावे. ओटीत फळ भरण्याची चाल आहेच, तिचा उपयोग करू.

महिला मंडळाला एक काम सुचवतो. आपल्या गल्लीत कोण गरोदर आहे याची यादी ठेवा. दर पौर्णिमेला वंदना झाली की दोन भगिनींनी यादीतल्या घरी जाऊन विचारायचे, "ताई, या महिन्यात किती गोळ्या झाल्या?" एवढेच. उपदेश नको, चौकशी हवी. गोळ्या संपल्या असतील तर आशाताईंना निरोप द्यायचा. आणि बाळंतपण झाले म्हणजे यादीतून नाव काढायचे नाही. पुढचे सहा महिनेही गोळी चालू आहे ना, हे बघायचे.

तरुण मुलींनो, तुमचा साठा आजच करायचा आहे. लग्नानंतर चौथ्या महिन्यात जाग येऊन उपयोग नाही. शाळेत, कॉलेजात मिळणारी आठवड्याची गोळी पाकिटात ठेवू नका.

आपण विहार उभा केला तेव्हा कुणी विटा दिल्या, कुणी सिमेंट, कुणी श्रमदान केले. घरटी थोडे थोडे जमले म्हणून हा हॉल उभा राहिला. माणूस घडवायलाही तसेच घरटी थोडे थोडे लागते. एक गोळी, एक जुडी, एक लिंबू, आणि आधी वाढलेले एक ताट. आज घरी गेल्यावर रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करू या.